शिट्टीचा कुकर आणि उन्हाचा कुकर



पेरू देशात लॉस मोलिनोस नावाचं एक खेडं आहे. साधारण दोनशे कुटुंबं. तिथल्या आरोग्य खात्याने एकदा ठरवलं की गावातल्या बायकांना पाणी उकळून प्यायला शिकवायचं. त्यासाठी नेमलेली आरोग्यसेविका दोन वर्षं घरोघर फिरली. जंतू समजावून सांगितले, पुन्हा पुन्हा जाऊन बसली. दोन वर्षांनी मोजलं तर नव्याने पाणी उकळायला लागलेल्या बायका निघाल्या फक्त ११.

आपल्याला हे वाचून हसू येईल. पाणी उकळणं यात शिकवायचं ते काय? पाणी गाळणं तर आपल्याकडे रोजचं आहे, आणि व्रताला, दशलक्षण पर्वात उकळलेलं पाणी लागतंच. पण आपण ते जंतूंचं शास्त्र वाचून सुरू केलेलं नाही. जीवदया म्हणून केलं, आईने केलं म्हणून केलं. त्या गावातही आईने शिकवलेलंच आड आलं. त्यांच्याकडे प्रत्येक अन्नाला ‘गरम’ किंवा ‘थंड’ असा गुण मानायचे, जसं आपण पपई उष्ण, सब्जा थंड म्हणतो. उकळलेलं पाणी आजाऱ्याचं. धडधाकट माणसाने ते प्यायचं नसतं. मग ज्या घरात रोज पाणी उकळतंय, त्या घरात कोणीतरी आजारी आहे असाच अर्थ शेजारी लावणार. चूल तीच, पातेलं तेच, आणि आपल्याकडे जे पुण्याचं मानलं जातं ते तिथे आजाराचं लक्षण.

ही हकीकत एव्हरेट रॉजर्स या अमेरिकन प्राध्यापकाच्या १९६२ साली निघालेल्या पुस्तकात आहे. माझ्या भाच्याला ते एमबीएला होतं. आमच्या वेळी बी.कॉम.ला वस्तू का खपते याचं उत्तर मागणी, पुरवठा आणि किंमत एवढ्यावर संपायचं. मी तेव्हाही मनात म्हणायचे, अहो, स्वस्त असून न खपलेल्या वस्तूंनी माळे भरलेत, त्यांचं काय? रॉजर्सने नेमका तोच प्रश्न धरला. तेव्हापासून मी आपल्या स्वयंपाकघराकडे जरा इतिहास म्हणून बघायला लागले. आपल्या श्रावकाचारात गृहस्थाच्या पाच ‘सूना’ सांगितल्या आहेत: कांडण, दळण, चूल, पाणी आणि केर. गेल्या शंभर वर्षांत घरात आलेली बहुतेक यंत्रं या पाचांपैकी कशासाठी ना कशासाठी आहेत. काही राहिली, काही गेली. का, ते बघू.

प्रेशर कुकरपासून सुरू करते, कारण तो नसलेलं घर आता शोधावं लागेल.

कुकरचा जन्म ऐकलात तर तुम्हाला घास उतरणार नाही. देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत हे भांडं दाखवलं, ते हाडं शिजवून मऊ करायला! आज चौक्यापासून वसतिगृहापर्यंत ज्याच्याशिवाय आपलं वरण शिजत नाही, त्याचा मूळपुरुष हा. असो. भांडं घट्ट बंद केलं की वाफ कोंडते, दाब वाढतो, आणि शंभर अंशांना उकळणारं पाणी एकशेवीसच्या आसपास जातं. म्हणून डाळ पाव वेळात गळते. आज कुकरमध्ये जे तत्त्व आहे ते पापँच्या भांड्यात पूर्ण होतं. जादा वाफ सोडणारा व्हॉल्व्हसुद्धा त्यानेच बसवला. तरी पुढची अडीचशे वर्षं हे भांडं सामान्य घरात गेलं नाही. लोखंडाचं जड धूड, आणि मनात सतत धास्ती. घरगुती कुकर खऱ्या अर्थाने आले ते १९३० नंतर अमेरिकेत, हलक्या ॲल्युमिनियममध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे त्यांची लाट आली, वाटेल त्या कंपन्यांनी वाटेल तसे बनवले, काही फुटले, नाव खराब झालं. मग फ्रोझन जेवणं आली आणि कुकर तिथल्या फडताळात मागे गेला.

आपल्याकडे १९५९ च्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टीज या दोघांचं उत्पादन सुरू झालं, दोन्ही इंग्रजी कंपन्यांच्या सहकार्याने. म्हणजे वस्तू परदेशी, तंत्र परदेशी, किंमत मध्यमवर्गाला विचार करायला लावणारी, आणि फुटण्याची भीती तर पहिल्या दिवसापासून. मग हा इथे का रुजला?

एक कारण डाळ. रोज तूरडाळ, हरभरा, मटकी, चवळी शिजवणाऱ्या घराला जो वेळ वाचतो तो पाव-लोणीवाल्या घराला वाचत नाही. दुसरं, एकावर एक डबे. वरण, भात आणि एक भाजी एकाच विस्तवावर. रॉकेल मोजून मिळत होतं, गॅसचा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागत होतं, त्या काळात हे फार मोठं होतं. आणि डब्याची कल्पना नवीन नव्हती. १९१० मध्ये कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी ‘इकमिक कुकर’ काढला होता. खाली कोळशाची शेगडी, वर वाफेवर डबे. त्यात शिट्टी नव्हती, दाब नव्हता, पण एकटे राहणारे आणि प्रवास करणारे लोक तो वापरायचे. त्यामुळे बंद भांड्यात डबे ठेवून आपण दुसरं काम करायचं, ही सवय काही घरांना आधीच ठाऊक होती.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती शिट्टी. कंपनीच्या पुस्तकात काय लिहिलेलं असतं? पूर्ण दाब आला की आच कमी करा आणि घड्याळ लावून इतकी मिनिटं ठेवा. असं करणारी बाई तुम्ही पाहिलीत का? मी नाही पाहिली. आपण शिट्ट्या मोजतो. भाताला दोन, डाळीला तीन, हरभऱ्याला सहा. जादा वाफ जावी म्हणून ठेवलेल्या वजनाचं आपण घड्याळ केलं. घड्याळ बघायला समोर उभं राहावं लागतं. शिट्टी देवघरातसुद्धा ऐकू येते. “अगं, किती झाल्या?” हे वाक्य कुठल्या इंजिनियरने लिहिलेलं नाही. सासूने सुनेला, शेजारणीने शेजारणीला सांगत सांगत ती मापं देशभर झाली. पुस्तक न वाचता वस्तू वापरता आली, त्यामुळे ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्याही घरात ती गेली.

भीतीचं काय, तर ती अगदीच खोटी नव्हती. कुकरच्या झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्यातला धातू जास्त तापला की वितळतो आणि वाफ निघून जाते. तो वितळला की नवा घ्यावा लागतो. बाजारात नकली, स्वस्त व्हॉल्व्ह आले. दिसायला हुबेहूब, पण वेळेला वितळत नसत. मग कुकर फुटायचे आणि दोष कंपनीवर यायचा. प्रेस्टीजचे टी. टी. जगन्नाथन हे स्वतः इंजिनियर. आमचा व्हॉल्व्ह अस्सलच वापरा, अशी जाहिरात करून गप्प बसणं त्यांना शक्य होतं. त्यांनी झाकणाच्या कडेला एक खाच ठेवली. दाब हाताबाहेर गेला की रबराची गॅस्केट त्या खाचेतून बाहेर ढकलली जाते आणि वाफ खाली निघून जाते, व्हॉल्व्ह कसलाही असो. मला यातली नजर फार आवडते. बाई चार पैसे वाचवायला कोपऱ्यावरच्या दुकानातून सुटा भाग आणणारच, हे धरून वस्तू बनवली. तिला शहाणपण शिकवत बसले नाहीत.

मिक्सरची कथाही अशीच, थोडक्यात सांगते. परदेशी ब्लेंडर पातळ गोष्टी घुसळायला केलेले. त्यात ओलं खोबरं, हळकुंड, भिजवलेली डाळ घातली की मोटर जळायची. मुंबईत सीमेन्समध्ये काम करणारे सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी असाच जर्मन ब्रॉन मिक्सर बंद पडला. पत्नी माधुरीताईंना उपयोगी पडेल असं यंत्र करायच्या खटपटीतून १९६० च्या दशकात ‘सुमीत’ मिक्सर निघाला, दणकट मोटरचा. पाट्यावरची चटणी ती चटणी, हे माझ्या सासूबाई शेवटपर्यंत म्हणाल्या आणि खरं आहे ते. पण पाट्यावर वाटताना कंबर कोणाची जाते हा प्रश्न होताच, आणि तो चवीपेक्षा मोठा ठरला.

आता उन्हाच्या कुकरकडे येते. इथे माझा जीव अडकतो, कारण विचार केला तर ही वस्तू आपल्यासाठीच केलेली वाटते. ज्वाला नाही, धूर नाही, किडा-मुंगी विस्तवात जात नाही. अग्निकायाची हिंसा टाळायची तर याहून चांगलं काय? शिवाय आपण सूर्यास्तापूर्वी जेवणारी माणसं. सूर्य आहे तोवर स्वयंपाक, सूर्य आहे तोवर जेवण. मग आपल्या समाजात तरी घरोघरी सोलर कुकर हवा होता की नाही?

याचा इतिहास आपल्या मुंबईतच फार जुना आहे. विल्यम ॲडम्स नावाचा एक इंग्रज अधिकारी मुंबईत होता. त्याने आरशांच्या आठ पाकळ्या करून मधे भांडं ठेवलं आणि ऐन जानेवारीत सात शिपायांचं जेवण दोन तासांत शिजवलं. १८७८ साली त्याचं यावरचं पुस्तकही मुंबईतच छापलं गेलं. कुलाब्याला आरशांच्या उन्हाने वाफ करून त्याने पाण्याचा पंपसुद्धा चालवून दाखवला. १८७८ म्हणजे टिळक तेव्हा अजून ‘केसरी’ काढायचे होते! स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने गोल आरशाचा सूर्यचूल्हा केला, गाजावाजा झाला, विकला गेला नाही. मग १९८० च्या दशकात सरकारने पेटीचा सोलर कुकर अनुदान देऊन पुढे आणला. आतून काळी पेटी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा, आत काळे रंगवलेले चार डबे.

आमच्या घरी सांगलीला तो होता. सासूबाईंनी दोन उन्हाळे मनापासून वापरला. शेंगदाणे त्यात असे सुरेख भाजले जायचे की काय सांगू, आणि वरण करपणं अशक्य. पण दिवस कसा जायचा ते बघा. दहा वाजता पेटी गच्चीवर उघडायची. डबे भरून ठेवायचे. दर अर्ध्या-पाऊण तासाने वर जाऊन पेटी सूर्याकडे फिरवायची. दोन-अडीच तासांनी उतरवायचं. शाळेत जाणाऱ्या पोराचा डबा सकाळी सातला हवा, तो यात होणार नाही. ऑफिसचा डबा नऊला हवा, तोही नाही. फोडणी होत नाही. भाकरी होत नाही, पोळी होत नाही. म्हणजे गॅस पेटवायचाच आहे. मग वाचलं काय, तर डाळ-तांदळाचा गॅस, आणि तेवढं काम तर कुकर तीन शिट्ट्यांत करत होता.

संध्याकाळी जेवण सहाच्या आत, म्हणून तरी उपयोग होईल असं वाटेल. पण आपला संध्याकाळचा स्वयंपाक चार-साडेचारला सुरू होतो, ऊन तेव्हा तिरपं झालेलं असतं. दुपारी एकलाच सगळं चिरून, निवडून, शोधून पेटीत ठेवायचं म्हटलं तर बाईला दिवसात जी एक तासाची पाठ टेकायला मिळते, तीच जाते. आणि चातुर्मासात? ज्या चार महिन्यांत नियम-धर्म सगळ्यात जास्त पाळायचा, ज्या दिवसांत जीवजंतू सगळ्यात जास्त, त्यातले निम्मे दिवस आपल्याकडे आभाळ काळं असतं. ज्या काळात अहिंसेसाठी पेटी हवी, तेव्हाच ती बंद. फ्लॅट झाले, गच्ची सोसायटीची झाली, तिला कुलूप लागलं, तिथे तर विषयच संपला.

त्या वेळी अनुदान वाटणाऱ्या कार्यक्रमांतून एक सूर असायचा: बायका नव्याला बिचकतात, त्यांना पटवून द्यायला हवं. मला हे अजूनही बोचतं. त्याच बायकांनी त्याच वीस वर्षांत फुटण्याची भीती असलेला कुकर घेतला, लाल नळी लावलेला गॅस घेतला, हात कापेल असा मिक्सर घेतला. बिचकणाऱ्या बायकांचं हे लक्षण आहे का? कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर पेटीच्या हिशेबात वाचलेलं इंधन जमेला धरलं होतं, बाईचा वेळ खर्चाला धरलाच नव्हता. बाईने तो धरला आणि ताळेबंद मांडून पेटी माळ्यावर टाकली.

हे उन्हाचंच वैगुण्य नव्हतं, याचा पुरावा शिर्डीत आहे. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात २००९ साली ७३ मोठ्या सौर तबकड्या बसवल्या. त्यांच्यावर वाफ तयार होते, पाइपने खाली येते आणि हजारो माणसांचं अन्न शिजतं. आरसे सूर्यामागे फिरवायला यंत्रणा, देखभालीला पगारी माणसं, ढग आले तर जुनी व्यवस्था तयार. स्वयंपाक करणाऱ्याला उन्हात जाऊन उभं राहावं लागत नाही. तोच सूर्य, तोच महाराष्ट्र.

सुधारित चुलीचंही असंच झालं. १९८३ पासून २००२ पर्यंत केंद्राचा मोठा कार्यक्रम चालला, साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या. आकडा प्रचंड, पण तो बसवलेल्या चुलींचा; पेटत्या राहिलेल्या चुलींचा नव्हे. लाकूड बारीक फोडून घालावं लागायचं, धुराडं साफ करावं लागायचं, चीर पडली की दुरुस्त करणारं कोणी नाही. पुढे एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ओडिशात अशाच चुलींचा काही वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला, नंतर तो फायदा उरला नाही, कारण चुली वापरणं आणि सांभाळणं कमी होत गेलं. माझ्या आजीचे डोळे धुराने गेले, म्हणून हे वाचताना मला नुसतं शास्त्र वाचतेय असं वाटलं नाही. उज्ज्वला योजनेतला आठ कोटीवा गॅस २०१९ मध्ये आपल्या औरंगाबादेत दिला गेला. तिथेही पहिला सिलिंडर आल्यानंतर दुसरा भरून आणायला महिन्याच्या महिन्याला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न त्या बाईच्या पदराला आहेच.

उलट बाजूचं एक उदाहरण खास आपल्या घरातलं. घरघंटी. पाकिटातलं पीठ स्वस्त, सोयीचं, कोपऱ्यावर मिळतं. तरी आपल्यातल्या कितीतरी घरांत पाच-सात किलो धान्य मावेल अशी छोटी गिरणी ठेवलेली असते. कारण पिठाची मर्यादा! पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. पाकिटावर महिन्यांची तारीख असते, तिचा आपल्याला काय उपयोग? गिरणीत आपल्या आधी कोणाचं काय दळलं हीही शंका नको. ज्या नियमाला बाजार अडचण समजतो, त्याच नियमामुळे हे यंत्र आपल्याकडे खपलं. काही चौक्यांत मुनींच्या आहारासाठी अजून हातजात्यावरच दळतात, ते वेगळं. आणि मायक्रोवेव्ह? तो मुख्यतः कालचं गरम करायला. ज्या घरात कालचं ठेवतच नाहीत, तिथे तो ओट्यावर पापड भाजत बसलेला असतो. माझा तरी तसाच आहे.

२०२२ मध्ये इंडियन ऑइलने ‘सूर्य नूतन’ नावाची शेगडी दाखवली. पॅनेल छपरावर, शेगडी स्वयंपाकघरात ओट्यावर. उष्णता साठवून ठेवते, ऊन नसेल तर विजेवर चालते. उकडणं, तळणं, पोळ्या, सगळं होतं असं सांगतात. विल्यम ॲडम्सनंतर दीडशे वर्षांनी कोणीतरी बाईला गच्चीवरून खाली आणलंय खरं. किंमत अजून सामान्य घराच्या आवाक्यात नाही. ती उतरली आणि जवळपास कुठे बघायला मिळाली की मी ज्वारीचं पीठ आणि काटवट घेऊन जाणार आहे. दाखवणाऱ्याने डाळ-भात करून दाखवू नये. आधी तव्यावर भाकरी टाकू दे, ती आच लावून दोन्ही बाजूंनी फुगते का ते मला बघायचं आहे.